सोवळ्यातला ब्राउझर

"फोनवर तुझा आवाज आला, तरी मी तो तुझा मानणार नाही, मावशी. काही सांगायचं झालं तर स्वतः ये. आणि आल्यावर आधी बोलू नकोस. आधी हात दे."

ऋजुताने हे सांगितलं ते सोलापूरच्या एसटी स्टँडवर, बंद रसवंतीच्या आडोशाला उभं राहून, तोंडावरचा स्कार्फ न सोडता. एक गाडी सोडून दुसरी धरायला मध्ये जेवढा वेळ मिळाला, तेवढाच. कुमुदताईंनी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेली होती. डबा हातात देताना त्या म्हणाल्या, "येईन."

त्यांच्या तोंडून एकदा होकार गेला की तो गेला, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. पहाटेचं स्नान, मोठ्याने जप, संकष्टीचा कडक उपास, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मौन. खोटं बोलायचं नाही, हा तर तरुणपणीच धरलेला नेम. आणि यजमान गेल्यापासून देवापुढचा नंदादीप. त्यात तेल घालायचं ते स्वतःच्या हाताने, आणि तो कधी शांत होऊ द्यायचा नाही. त्या दिव्यापायी कुमुदताई एक रात्रही घराबाहेर राहिल्या नव्हत्या. पुण्याला पुतण्याच्या लग्नात मुलीकडचे लोक अजून पंगतीत बसायचे होते, तेव्हा या अक्षता टाकून परतीच्या गाडीत बसल्या होत्या. जाऊबाई आजही टोमणा मारायच्या, "आमच्या कुमुदचा नवरा गेला, पण सासर काही सुटलं नाही, ते समईत जाऊन बसलंय."

म्हणून त्या "येईन" म्हणाल्या तेव्हा ऋजुताने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग डबा पिशवीत टाकला आणि कानाला तोंड लावून गावाचं नाव सांगितलं. समुद्राकडचं एक गाव. ते नाव या गोष्टीतही नको.

"तिथे फोन नसेल माझ्याकडे. संकष्टी मात्र धरते अजून."

"मग तुझा चंद्र उगवल्याशिवाय मीही जेवायची नाही," कुमुदताई म्हणाल्या. प्रेमाने, सहज म्हणून गेल्या. पण तोही नेमच झाला.

*

ऋजुता ही कुमुदताईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, त्यामुळे मुलीचं माहेर म्हणजे जुळे सोलापुरातला मावशीचा फ्लॅट. ऋजुता आधी पळाली ती नाशिकला, नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात. तिथे एका सकाळी तिला मावशीचा फोन आला. "कुठे आहेस गं बाळा? जीव लागत नाही बघ." तोच घसा खाकरण्याचा आवाज, वाक्याच्या शेवटी तेच "बरं का". ऋजुताने पत्ता सांगितला. तिसऱ्या दिवशी फाटकासमोर तन्मयची गाडी उभी होती. तन्मय तिचा नवरा.

कुमुदताईंनी तो फोन केलेलाच नव्हता.

स्टँडवर त्यांनी ते सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा ऋजुता म्हणाली, "माहीत आहे. तू खोटं बोलत नाहीस. म्हणून तर त्याने तुझीच छाया केली."

छाया हा प्रकार एव्हाना नवा राहिला नव्हता. माणूस हा बव्हंशी सवयींचा बनलेला असतो, हे यंत्रांनी फार लवकर ओळखलं. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, बोलताना माणूस कुठे थांबतो, कोणतं अक्षर चुकतो आणि मागे जाऊन सुधारतो, कशावर नजर रेंगाळते. हे काही महिने कुणी निमूट टिपत राहिलं, की पुढे तो माणूस काय म्हणेल, काय करील, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज आणि आवाज एकत्र केला की छाया तयार. सुरुवातीला लोकांनी गेलेल्या माणसांच्या छाया करून घेतल्या. आजोबांचा आवाज नातवंडांसाठी राहावा, एवढीच हौस. मग परदेशातल्या मुलांनी इथल्या म्हाताऱ्यांच्या केल्या. आईला त्रास न देता आईला विचारता यावं म्हणून. जिवंत माणसाची छाया त्याच्या लेखी संमतीशिवाय करू नये, असा कायदाही झाला. पण कायद्याला दार वाजवून आत यावं लागतं. छायेला लागणारा माल तर माणसाच्या फोनमध्येच पडलेला असतो. तो गुपचूप उचलणारी हेरगिरीची सॉफ्टवेअरं भाजीबाजारात कोथिंबीर मिळावी इतकी सहज मिळू लागली होती.

तन्मयने लग्नानंतर वर्षाच्या आतच ऋजुताची छाया केली. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. फक्त हळूहळू तो ऋजुताऐवजी तिच्या छायेलाच विचारू लागला. ऋजुता सांगायची, "मी तोंड उघडायच्या आधी त्याचं उत्तर तयार असायचं, मावशी. मी घरात होते, पण माझी गरज नव्हती." एक दिवस त्याने छायेला विचारलं, ही मला सोडून जाईल का? छाया हो म्हणाली. ऋजुताच्या मनात तोवर तसं काहीच नव्हतं. तन्मयने तिला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. काळजीपोटी, असं तो म्हणाला. जेवणाचं ताट स्वतः आत नेऊन द्यायचा. कडी निघाली त्या दिवशी ती खरंच निघून गेली.

पोलिसांनी तक्रार ऐकून घेतली आणि विचारलं, मारहाण वगैरे?

*

स्टँडवरून परत आल्यावर कुमुदताई समोरच्या फ्लॅटमध्ये शाहीनकडे गेल्या. शाहीन पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. दोघींचं वीस वर्षांचं शेजारपण. ईदला शीरखुर्म्याची वाटी इकडे यायची आणि ती वाटी परत जाताना रिकामी कधी जायची नाही.

"शाहीन, ब्राउझर बदलला तर कुणाला काही दिसत नाही म्हणतात. खरं का गं?"

"कोण म्हणतं?"

"भजनी मंडळात."

शाहीन हसली. "भजनी मंडळाचं अर्धं बरोबर आहे. हे बघा ताई, ब्राउझर म्हणजे खिडकी. त्यातून तुम्ही बाहेर बघता आणि बाहेरचे आत. चांगली खिडकी लावली, पडदा ओढला, की रस्त्यावरून डोकावणारे कमी होतात. जाहिरातवाले, मागे लागणाऱ्या साइट, अशांपासून बऱ्यापैकी सुटका. तेवढ्यासाठी बदला, जरूर बदला. पण चोर जर घरातच येऊन तुमच्या खांद्यामागे उभा असेल, तर तुम्ही या खिडकीतून बघा नाहीतर त्या खिडकीतून. त्याला काय फरक पडतो?"

"मग?"

"मग आधी घर झाडायचं. तुमच्या फोनमध्ये कुणी काही घालून दिलं होतं का? जावयाने वगैरे?"

कुमुदताईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही गं. काही नाही."

शाहीनने त्यांच्यासमोर फोन पार कोरा केला, नव्याने लावला, एक चांगला ब्राउझर घालून दिला आणि म्हणाली, "आता यात काहीही घालायचं झालं तर आधी मला दाखवा."

"बरं," कुमुदताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून त्यांनी तो कोरा फोन हातात घेतला. नव्या घरात सामान लावायच्या आधी देव नेऊन ठेवतात. तसा त्यांनी फोनमध्ये सगळ्यात आधी 'नित्यनेम' घेतला. पंचांग, आरत्या, पूजेच्या वेळेला वाजणारी घंटा, आणि जप करताना ऐकून माळ मोजणारी सोय. पहिल्या दिवाळसणाला जावयांनी हौसेने घालून दिलेला. त्याशिवाय हाताला चैनच पडेना. त्याने पूर्वीसारखंच मोठ्या अक्षरांत विचारलं: पडद्यावरचं वाचून दाखवू का? त्यांचे डोळे अधू होते. त्यांनी होय दाबलं. जप ऐकू का? होय.

शाहीनला त्यांनी दाखवलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. "कुणी काही घातलं होतं का" या प्रश्नात त्यांना हे कधी दिसलंच नाही. ते 'काही' नव्हतं, ते देव होते. देव घरात आणताना शेजारी विचारायला कोण जातं?

नवा ब्राउझर मात्र त्यांनी फार जपला. बाकी सगळं जुन्याच वाटेने चालायचं: वीजबिल, भाचरांचे फोटो, औषधं. हा वेगळा. सोवळ्याची भांडी जशी फडताळात वेगळी असतात आणि पारोशा हाताने त्यांना शिवत नाहीत, तसा. स्नान झाल्याशिवाय तो उघडायचा नाही, आणि उघडायचा तो ऋजुताच्या कामापुरताच. तिचं काम तरी काय, महिन्यातून एकदा तिच्या गावचा चंद्रोदय बघायचा. भांडं वेगळं ठेवलं की विटाळ लागत नाही, अशी त्यांची साधी समजूत. पाणी ज्या आडाचं येतं त्या आडातच काही पडलं असलं, तर घासलेल्या भांड्याने काय होणार, हे त्यांच्या मनात आलं नाही.

*

पौष संपता संपता घरात एक वेगळीच शांतता आली. कुमुदताईंना आधी ती बरी वाटली. नाशिकसारखा प्रकार नाही, अनोळखी निरोप नाहीत. ब्राउझरचाच गुण, असं त्या भजनी मंडळात सांगूनही आल्या.

एका पहाटे जप चालू असताना त्यांना ठसका लागला. नाम अर्ध्यावर तुटलं. त्या पाण्याच्या भांड्याकडे हात करत होत्या, तेवढ्यात उरलेलं अर्धं नाम पाटाजवळून ऐकू आलं. हलक्या आवाजात, त्यांच्याच लयीत.

त्यांनी भांडं तसंच हातात धरून ठेवलं. समईची वात हलत नव्हती. फोन पाटाच्या कडेला पालथा पडला होता.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घशातून निसटलेलं नाम देवाने उचलून घेतलं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दामच एका ठिकाणी थांबून पाहिलं. थोडी वाट पाहून त्या आवाजाने नाम पुरं केलं, आणि नंतर घसा खाकरला.

देव घसा का खाकरील, हा विचार मनात आला तसा त्यांनी तो दूर सारला. पण त्या दिवसापासून जपाला बसताना त्यांच्या पाठीला गार वाटू लागलं, आणि त्या पाट भिंतीला टेकवून बसू लागल्या.

*

माघातली संकष्टी आली. सकाळी स्नान झाल्यावर कुमुदताईंनी सोवळ्यातला ब्राउझर उघडला, पंचांगाचं पान काढलं, गावांच्या यादीत ऋजुताचं गाव शोधून त्यावर बोट ठेवलं. सोलापूरपेक्षा दहाएक मिनिटं उशिरा. पश्चिमेला तसंच असतं. त्यांनी वेळ मनात ठेवली आणि ब्राउझर लगेच बंद केला.

संध्याकाळी मोदक झाले, वरणभाताचा कुकर उतरला, गणपतीला दूर्वा वाहिल्या. चंद्र समोरच्या टाकीमागून वर आला. त्याला अर्घ्य देऊन त्या आत आल्या आणि ताट न वाढता तशाच बसल्या. अजून तिकडचा यायचा होता.

बेल वाजली. दारात तन्मय. हातात मिठाईच्या दुकानातला खोका, अंगात इस्त्रीचा सदरा. वाकून त्याने नमस्कार केला.

"माव्याचे मोदक आणलेत, मावशी. तुमच्या हातच्यांची सर नाही येणार त्यांना."

"ठेवा तिथे," कुमुदताई म्हणाल्या. दारात आलेल्याला, तेही संकष्टीला, त्या जा म्हणू शकल्या नाहीत.

तो देवासमोर जमिनीवर बसला. आधी समईला नमस्कार केला, मग खिडकीतून बाहेर पाहिलं.

"चंद्र तर चांगला वर आलाय. ताट वाढून घ्या ना."

"घेते थोड्या वेळाने."

"हो, बरोबर." त्याने मान हलवली. "तिकडे समुद्राकडे जरा उशिराच उगवतो, नाही का?"

कुमुदताईंच्या हातातली पळी ताम्हनात पडली. 'काय बोलताय तुम्ही' एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं झालं असतं.

"घाबरू नका हो. मी भांडायला आलेलो नाही. उद्या सकाळी नाश्ता करून निघेन, आरामात. तिला घेऊन येतो. वडीलधाऱ्या आहात, सांगून जावं म्हटलं."

"तिला यायचं नाहीये."

"आज नाहीये. पुढच्या महिन्यात ती येते म्हणेल. मी विचारलंय." कुणाला विचारलं ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. "आणि मावशी, ब्राउझर बदललात ते छानच केलंत. जुना फार गळका होता. पण मी ब्राउझरमध्ये नव्हतोच कधी. मी इथे होतो." त्याने बोटाने दाखवलं. बोट पाटावरच्या फोनकडे होतं की देवाकडे, ते कुमुदताईंना कळलं नाही. दोन्ही एकाच रेषेत होते.

"नित्यनेम," त्या हळूच म्हणाल्या.

"तुमच्यासारखा जप कुणी करत नाही. रोज तीच वेळ, तोच सूर, मनात दुसरं काही नाही. इतका स्वच्छ आवाज मिळत नाही हो कुणाचा."

कुमुदताईंनी ताम्हनातली पळी उचलून जागेवर ठेवली.

"तुम्हाला हे सांगायला मी घाबरत का नाही, ते विचारा ना," तन्मय म्हणाला, आणि त्यांनी न विचारताच त्याने आपला फोन पाटावर, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवला. "मावशी, मी उद्या ऋजुताला आणायला निघालोय. तुम्ही काय कराल?"

फोनमधून कुमुदताई बोलल्या. पहाटेचा आवाज होता, स्नानानंतरचा, जरा ओलसर. "काय करणार, बाबा. तिकडे फोन करून कुणामार्फत निरोप धाडीन. पण माझ्या आवाजावर तिचा विश्वास कुठे राहिलाय आता. शाहीनला सांगीन. ती पोलिसांत जाऊ म्हणेल. मग देवापुढे बसून राहीन, बरं का."

"स्वतः जाल?"

फोन गप्प झाला. कुमुदताईंनी नकळत घसा खाकरला. त्याच क्षणी फोननेही खाकरला.

"दिवा सोडून? नाही जमायचं मला."

तन्मयने फोन उचलून खिशात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हतं. परीक्षेचा निकाल आधीच माहीत असलेल्या मुलासारखा तो शांत होता. उठताना त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "घ्या, आता उगवला असेल तिचाही. जेवून घ्या. येतो मी."

*

तो गेल्यावर कुमुदताई दार लावून पुन्हा समईपुढे येऊन बसल्या. छाया खोटं बोलली नव्हती. हेच त्यांना खात होतं. तन्मयने विचारल्यापासून त्यांच्या मनात अगदी याच क्रमाने हेच आलं होतं: निरोप, शाहीन, देवापुढे बसणं. उत्तर त्यांचंच होतं. त्यांनी ते अजून दिलं नव्हतं, एवढंच.

रोज तेच करणं म्हणजे नेम. आणि जो रोज तेच करतो, त्याचा ठसा सगळ्यात स्वच्छ उमटतो. आयुष्यभर देवासाठी त्यांनी जी वाट घासून घासून गुळगुळीत केली होती, त्याच वाटेने कुणीतरी दुसराच आत चालत आला होता, आणि त्याला कुठे ठेचही लागली नव्हती.

समईत तेल कमी झालं होतं. त्यांनी उठून घातलं. वात सरकवली. बोटाला चटका बसला, तो रोजच बसायचा. यजमानांची आठवण झाली. हा दिवा त्यांच्यासाठी. तो शांत झाला तर जाब देव विचारील, आणि देवापुढे उभं राहायला त्यांना कधीच भीती वाटली नव्हती. पण तिकडे समुद्राकाठी ऋजुताने आता एवढ्यात चंद्राला अर्घ्य दिलं असेल आणि मावशीही जेवायला बसली असेल असं समजून ती घास घेत असेल. दाराला कडी लागली, तर ती जाब कुणाला विचारणार?

फोन पाटावर तसाच ठेवून त्या अनवाणी बाहेर आल्या आणि शाहीनचं दार बोटाच्या पेराने वाजवलं. तिने दार उघडताच कुमुदताईंनी ओठांवर बोट ठेवलं. शाहीनने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपला फोन आतल्या कॉटवर फेकला आणि त्यांच्या मागोमाग जिना चढून गच्चीवर गेली.

सगळं ऐकून झाल्यावर ती कठड्याला टेकली. "पडदा वाचून दाखवायची परवानगी... ताई, मग तर तुम्ही दहा ब्राउझर बदलले असते तरी तेच. त्याला ब्राउझरशी मतलबच नाही. पडद्यावर जे उमटतं ते सगळं वाचतो तो, तुमच्या डोळ्यांच्या आधी." मग जरा थांबून, "मी विचारलं होतं तुम्हाला, कुणी काही घातलंय का म्हणून."

"हो. मी नाही म्हटलं. मला ते खरंच वाटलं होतं."

शाहीन कठड्यापासून सरळ झाली. "पोलिसांत जाऊ या?"

कुमुदताईंना हसू आलं. फार कोरडं. "तू असं म्हणशील, ते त्याला माहीत आहे. उद्या जा तू, जरूर जा. या वेळी फोनच पुरावा आहे. पण दुपारनंतर जा."

"आणि तुम्ही?"

"माझ्या किल्ल्या घे. दिव्यात तेल घालशील? वात सरकवताना बोट भाजतं. पळीच्या दांड्याने सरकव."

शाहीन त्यांच्याकडे बघतच राहिली. वीस वर्षांत या बाईने तिला त्या समईजवळ कधी येऊ दिलं नव्हतं. तिलाच काय, सख्ख्या जावेलाही नाही. नेम स्वतःच्या हाताने तेल घालण्याचा होता. तो आता मोडला, हे दोघींनाही कळलं.

"फोन तिथेच राहू दे, पाटावर," कुमुदताई म्हणाल्या. "उद्या माझं मौन असतं. मौनाच्या दिवशी जपही मनातल्या मनात. फोन दुपारपर्यंत गप्प राहिला तर त्याला नवल वाटायचं नाही. तू आत गेलीस की बोलू नकोस मात्र. भांडंसुद्धा वाजवू नकोस."

"मी गाडीने सोडते तुम्हाला."

"तुझी गाडीही बोलते गं सगळ्यांशी. तूच सांगितलं होतंस. लाल गाडीत अजून सुटे पैसे चालतात."

"आणि तो आधी पोचला तर?"

"तो नाश्ता करून निघणार आहे," कुमुदताई म्हणाल्या. "त्याला खात्री आहे."

घरात परत येऊन त्यांनी आवाज न करता डब्यात मोदक भरले, जुन्या शालीची घडी पिशवीत ठेवली. उपास सोडला नाही. तो आता तिच्याबरोबरच सोडायचा. घराबाहेर पडताना देवाला "येते हं" म्हणायची त्यांची रोजची सवय. ते शब्द ओठांपर्यंत आले, आणि त्यांनी ते गिळले. नुसते हात जोडले. पाटावर फोन पालथा पडला होता. तो जणू त्या दोन शब्दांची वाट बघत होता. उंबऱ्यात त्या क्षणभर थांबल्या, न जाणो, आतून कुणी ते पुरे करील म्हणून. कुणी केले नाहीत.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि जिन्याचा कठडा धरून हळूहळू खाली उतरल्या. स्टँडकडच्या रस्त्यावर चंद्र एव्हाना डोक्याच्या दिशेने सरकत होता. वेळ बघायला त्यांचा हात दोनदा कमरेकडे गेला आणि रिकामा परत आला. त्या हाताला समईच्या तेलाचा वास होता. पदराला पुसायला म्हणून त्यांनी तो उचलला, आणि तसाच राहू दिला; ऋजुताला आधी हात द्यायचा होता.